सरांचा कान आणि माझा मोदक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, तेही तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून. उरलेलं अर्धं — आणि तेच जास्त वाईट आहे — माझ्याजवळच राहिलं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे बोलायची माझी छाती नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

वरवर पाहिलं तर ही एका स्पीकरची गोष्ट आहे. स्पीकरपायी माणूस एवढा का कुढतो, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिले काही महिने तसंच वाटत होतं. स्पीकरच तर आहे! कुणाचा जीव गेला का? नाही गेला. तरी ऐका.

मी अष्टमी गावात राहतो. पूल ओलांडला की रोहा. एमआयडीसीतल्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. दाब दाखवणारं मीटर, म्हणजे गेज, दाखवतो ते खरं की खोटं, हे तपासणं माझं काम. खोटं दाखवणारा गेज सापडला की त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला काढायचा. वीस वर्षं हेच करतोय. हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढचं ऐकताना तुम्हीच म्हणाल, याला कुणी चिठ्ठी का नाही बांधली?

तर, फोनवर आमचा एक ग्रुप आहे. घरच्या घरी स्पीकर बनवणाऱ्या मराठी लोकांचा. आतला गोल स्पीकर तयारच मिळतो, खरी कारागिरी असते ती त्याच्या डब्यात. डबा चांगला तर आवाज चांगला. ग्रुपचा एक रिवाज आहे — रविवारची हजेरी. ज्याचं काम चालू आहे त्याने दर रविवारी फोटो टाकायचा आणि काम कुठवर आलं ते लिहायचं. काही झालं नसेल तर 'काही झालं नाही' असं लिहायचं. ते लिहायला काय लागतं? तीन शब्द. पण लोक वाट बघत असले ना, की ते तीन शब्द बोटातून निघत नाहीत. माझ्या तर निघालेच नाहीत.

सगळे जण प्लायवुडचे चौकोनी डबे करायचे. मला काहीतरी वेगळं करायचं होतं. चौकोनी डब्यात आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटत राहतो, गोल आकारात ते होत नाही. पण गोल डबा करणार कसा? आमच्या घरचा गणपती दरवर्षी पेणजवळच्या जोह्याहून येतो, प्रभाकरच्या कारखान्यातून. माघातल्या एका सुट्टीला पेणला उतरून बसने त्याच्याकडे गेलो, सहज. कोपऱ्यात एक साचा पडला होता. मोदकाचा. मंडळाच्या मोठ्या मूर्तीपुढे ठेवायचा, घागरीएवढा. खाली गोल, वर निमुळता, अंगावर पाकळ्या. कुठेही दोन भिंती समोरासमोर नाहीत! मी तिथेच उभा राहून हसायला लागलो. प्रभाकरला वाटलं, याला काय झालं.

कागदाचा लगदा, डिंक आणि पांढरी पूड. पर्यावरणवाल्या मूर्ती करतात त्याच मालाचे दोन मोदक त्याने मला काढून दिले, बाजूला स्पीकर बसेल एवढं गोल भोक ठेवून. देताना तो एक वाक्य बोलला होता. ते मला आजही त्याच्या आवाजात ऐकू येतं.

"दादा, आमचा गणपती दहा दिवसांचा पाव्हना. त्याला पान्यातच जायचा असतो, म्हनून लगदा चालतो. तुमचा ह्यो डबा ऱ्हायाला हाय ना? पावसात लगदा पानी खेचतो, मंग माज्या नावानं बोंब नाय मारायची."

मी व्हय व्हय म्हणालो. आणि त्या रविवारी ग्रुपवर फोटो टाकताना साच्याबद्दल लिहिलं, लगद्याबद्दल लिहिलं, हे वाक्य तेवढं लिहिलं नाही. हे माझं पहिलं पाप म्हणा. पण त्या वेळी ते पाप वाटलं नाही, नुसता आळस वाटला.

उन्हाळ्यात मोदक असा वाजला की काय सांगू. तबल्याचा डग्गा खोलीत बसून कुणी वाजवतोय असं वाटायचं. ग्रुपवर नुसती धमाल. 'भावा, नाद खुळा', 'रोह्याचा मोदक', 'माप पाठवा', 'साचेवाल्याचा नंबर पाठवा'. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला असं कौतुक कधी मिळतं हो? कंपनीत मिळत नाही. घरी मिळत नाही, घरी म्हणतात हॉलमधला पसारा आवरा. मी दर रविवारी सकाळपासून फोन धरून बसायला लागलो.

आणि चैत्रात एक फोन आला. गुप्ते सरांचा.

गुप्ते सरांनी मला नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, रोह्याच्या शाळेत. निवृत्त झाल्यावर ते पेणला घर घेऊन राहिले. बायको गेली, मुलगा पुण्याला, सर एकटेच. त्यांचा एकच छंद, हार्मोनियम जुळवणं. पेण तालुक्यातल्या कुठल्या शाळेची, कुठल्या भजनी मंडळाची पेटी बेसूर झाली की ती सरांकडे यायची. आतली पितळी पट्टी बाहेर काढायची, कानशीने केसाएवढी घासायची, वाजवायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. यंत्र वापरत नसत. कान आणि एक नादकाटा, बस्स.

नादकाटा तुम्हाला आठवत असेल, शाळेच्या प्रयोगशाळेतला, इंग्रजी यू आकाराचा, आपटला की गुणगुणणारा. सरांचा स्वतःचा होता. वर्गात ते तो गुडघ्यावर आपटायचे आणि बाकाबाकावर दांडी टेकवत विचारायचे, ऐकू आलं? आम्ही हो हो म्हणायचो. एकदा माझ्या बाकावर त्यांनी तो न आपटताच टेकवला. मी हो म्हणालो. सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, नाही आलं तर नाही म्हणावं, त्यात कसली लाज? एवढंच. मारलं नाही, रागावले नाहीत. मी नववीत होतो. तेव्हाच शिकायला हवं होतं, नाही का?

तर सरही त्या ग्रुपवर होते, नुसतं वाचायला. फोनवर त्यांचा आवाज आनंदाने भरला होता — अरे संतोष, हा तूच का? साच्यातून डबा काढायची कल्पना माझ्या विद्यार्थ्याला सुचली! त्यांनी माझ्यामार्फत प्रभाकरकडून तसेच दोन मोदक करून घेतले, त्यामुळे त्याचं ते वाक्य त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. आतली जोडणी मी पेणला जाऊन करून दिली. वैशाखात सरांच्या खोलीत मोदक वाजले, आणि सर डोळे मिटून पाऊण तास हलले नाहीत. मी इतका खूश घरी आलो की बायको म्हणाली, बढती मिळाली का?

मग पावसाळा लागला. आषाढात माझा मोदक घरघरायला लागला. खालचे सूर आले की आत माशी अडकल्यासारखं. वरचे सूर स्वच्छ, खाली घरघर. आधी वाटलं वायर सैल असेल. मग वाटलं अ‍ॅम्प्लिफायर. सगळं उलगडून पाहिलं, आणि स्क्रू फिरवला तर तो नुसता गोल गोल फिरतोय. लगदा फुगला होता. स्क्रूला धरायला काही राहिलंच नव्हतं. साच्यातून निघालेल्या दोन अर्ध्या भागांचा सांधाही मऊ पडला होता, नखाने टोचला तर नख आत. प्रभाकर म्हणाला होता अगदी तसंच.

काय काय केलं नाही मी! वॉर्निश मारलं. भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. मोठे स्क्रू लावले, आणखी मोठे लावले. मोदकाच्या पोटात बल्ब पेटवून दोन दिवस वाळवला, कारखान्यात पावसात मूर्ती वाळवतात तसा. एक दिवस बरा वाजला, तिसऱ्या दिवशी पुन्हा घरघर. तुम्हाला सांगतो, त्या महिन्यात मला त्या मोदकाचा असा राग यायचा की उचलून कुंडलिका नदीत टाकावा. आणि ग्रुपवर रविवार काही थांबत नव्हता. त्यात विदर्भातल्या एकाने सरळ विचारलं, भाऊ, तुमच्याकडे एवढा पाऊस, लगदा टिकतो का? आत्ताचा व्हिडिओ टाका ना.

सगळे म्हणाले, टाका टाका.

रविवारी दुपारी मी मोदक टेबलावर ठेवला, मागे पडदा ओढला आणि पडद्यामागे दुकानातून आणलेला तयार स्पीकर ठेवला. गाणं त्यावर लावलं. बायकोच्या हातात फोन दिला. ती म्हणाली, "अहो, याची वायर तर सुटलेलीच आहे." मी म्हणालो, तू फक्त फोन धर. तिने धरला. झाल्यावर फोन टेबलावर ठेवून ती आत निघून गेली. व्हिडिओखाली मी लिहिलं — भर पावसातही ठणठणीत.

हे अर्धं. हे बायकोला माहीत असलेलं. इथेच थांबलो असतो तर हसण्यावारी नेता आलं असतं. एक फुशारकी, दुसरं काय? लोक याहून मोठ्या थापा मारतात. पण मी तुम्हाला उरलेलं सांगायला बसलोय, आणि बघा, किती वेळ मोदकाबद्दलच बोलतोय.

श्रावणात सरांचा फोन आला. आवाज जरा दबका. म्हणाले, माझा मोदक घरघरतोय असं मला वाटतं. तुझा व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकला, त्यात तर काही नाही. येऊन ऐकून जाशील का?

मी गेलो. गाडीत बसल्यापासून डोक्यात एकच. काय सांगायचं? खरं सांगितलं, सर, लगदा ओला झालाय, तर सर म्हणतील, मग तुझा कसा नाही झाला? आणि सर म्हणजे सर — रविवारी ग्रुपवर स्वतः लिहितील, नीट मुद्दे काढून, लगद्यावर दमट हवेचा परिणाम. प्रभाकरकडे तोवर आणखी दोघांनी मागणी नोंदवली होती. माझा व्हिडिओ, माझं ठणठणीत, सगळं उघडं पडणार. रोह्याहून पेणपर्यंत मी हाच हिशेब करत होतो. सरांचा विचार त्यात कुठेच नव्हता.

सरांनी चहा केला. मग गाणं लावलं. आणि खालच्या सुरावर ती घरघर — माझ्या घरातली तीच, जशीच्या तशी. आंधळ्यालाही दिसेल अशी, म्हणजे बहिऱ्यालाही ऐकू येईल अशी म्हणायला हवं. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. गाणं संपलं.

"ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "नाही सर. मला तर स्वच्छ वाजतंय."

हे ते. हेच सांगायचं होतं. सगळं सोडा, व्हिडिओ सोडा, वॉर्निश सोडा. त्या खोलीत, त्या माणसासमोर, कानात घरघर चालू असताना मी नाही म्हणालो.

सरांनी पुन्हा लावलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मग ते हळूच म्हणाले, मग मलाच का येतं रे? तेव्हा गप्प तरी बसायचं! पण मी आणखी पुढे गेलो. म्हणालो, सर, वयाप्रमाणे कानात असे आवाज येतात म्हणे, एकदा डॉक्टरांना दाखवा ना. काळजीने बोलल्यासारखं. खरं सांगतो, बोलताना मला स्वतःलाही मी काळजी करतोय असं वाटलं. माणूस किती घाण असतो, नाही?

सर डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने जेवढं कमी व्हायचं तेवढं झालंय, काळजीचं कारण नाही. थेंब दिले. पण सरांनी 'कमी झालंय' एवढंच धरून ठेवलं.

गणपतीच्या तोंडावर त्यांच्याकडे एका भजनी मंडळाची पेटी आली होती, जुनी, चांगल्या लाकडाची. सरांनी पट्टी घासली, वाजवली, आणि कानावर भरवसा न ठेवता पुन्हा घासली. आणि पुन्हा. पट्टी वाया गेली. मंडळाची माणसं भली, कुणी एक शब्द बोललं नाही. पण पुढची पेटी त्यांनी दुसरीकडे नेली. हे मला सरांनीच फोनवर सांगितलं, हसत हसत, स्वतःची फजिती सांगावी तसं. मी काय केलं? मीही हसलो.

तरी एक संधी होती. हिवाळ्यात लगदा सुकला. माझा मोदक पुन्हा डग्ग्यासारखा वाजायला लागला, आणि मार्गशीर्षात सरांचा फोन — संतोष, घरघर गेली रे! थेंब लागू पडले! त्यांना इतका आनंद झाला होता. मी म्हणालो, वा सर, फार बरं झालं. त्याच महिन्यात ग्रुपचा मेळावा झाला, पुण्याला. मी मोदक घेऊन गेलो. कोरड्या हवेत तो असा वाजला की लोकांनी मला शाल घातली. ती शाल कपाटात आहे. बायको ती बाहेर काढत नाही, मीही काढत नाही.

आणि मग पुढचा पावसाळा. तुम्ही ओळखलंच असेल. मला तर वर्षभर आधीपासून ठाऊक होतं. आषाढ आला की सरांचे कान पुन्हा बिघडणार, हे मला तारखेनिशी माहीत होतं, आणि मी काही केलं नाही. माझा स्वतःचा मोदक मी जोडलासुद्धा नाही.

मागच्या श्रावणात सरांनी बोलावलं. खोलीत दोन्ही मोदकांवर पंचे टाकलेले. कपाटाशेजारी पेट्या ठेवायची जागा रिकामी. दुरुस्तीला आलेल्या दोन पेट्या त्यांनी हात न लावता परत पाठवल्या होत्या. कानशींचा डबा कुणा सुताराला देऊन टाकला होता. म्हणाले, थेंब आता लागू पडत नाहीत, आणि दुसऱ्याची वस्तू बिघडवायचं हे वय नाही. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. मग ड्रॉवरमधून नादकाटा काढला. गुडघ्यावर आपटला आणि दांडी माझ्यासमोर टेबलावर टेकवली.

"ऐकू येतंय?"

"हो सर."

"मलाही येतंय, बहुतेक." त्यांनी काटा मुठीत धरून बंद केला. "पण आता माझं काय सांगावं? तुझा कान शाबूत आहे. हा तुझ्याकडे असू दे."

बहुतेक. ज्या माणसाने मला न आपटलेल्या काट्याला हो म्हणताना पकडलं होतं, तो माणूस वाजणाऱ्या काट्याला बहुतेक म्हणाला.

तेव्हा तोंडाशी आलं होतं. आलं होतं म्हणून काय झालं? मी हात पुढे केला आणि नादकाटा घेतला. शर्टाच्या खिशात घालून पेण स्टेशनवर आलो. गाडी जवळजवळ रिकामी होती. धक्का बसला की काटा खिशातल्या पेनाला लागून बारीक वाजायचा, आणि मला तो रोह्यापर्यंत ऐकू येत राहिला.

तो आता माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. सर पेणला आहेत, तब्येत चांगली आहे, महिन्याला एकदा फोन होतो. ग्रुपवर मी अजून आहे, रविवारी कुणाच्या ना कुणाच्या डब्याला चांगलं म्हणतो. सरांच्या कानांना काहीही झालेलं नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आता तुम्हाला माहीत आहे. सरांना माहीत नाही.